डेबियन १२ 'बुकवर्म': जुन्या आवृत्तीत नव्या दुरुस्त्या कितपत नीट बसतात?

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याचे हिशेब मी पाहतो आणि त्याबरोबर कार्यालयातले संगणकही सांभाळतो. आमच्या सर्व्हरवर डेबियन १२ ही मुक्तस्रोत प्रणाली चालते. सुताच्या कोनांची आवक, कोणत्या मागावर कोणते बीम (ताणा गुंडाळलेले रूळ) चढले, पाळीनुसार उतरलेला माल, कामगारांची मजुरी आणि परदेशी जाणाऱ्या कार्टनच्या याद्या असे सारे याच यंत्रावर आहे. आठवड्याच्या पगाराच्या दिवशी ते अर्धा दिवस बंद राहिले, तर त्याचा त्रास थेट मागावर उभ्या असलेल्या माणसाला होतो. म्हणून या परीक्षणात प्रणालीचे रंगरूप, वेग किंवा नव्या सोयी यांची चर्चा केलेली नाही. ज्या एका गुणासाठी आम्ही डेबियन निवडली, तो गुण प्रत्यक्षात किती खरा उतरतो, एवढेच तपासले आहे. तो गुण म्हणजे बॅकपोर्ट, अर्थात मूळ प्रकल्पाच्या नव्या आवृत्तीत झालेली दुरुस्ती तेवढीच उचलून जुन्या, स्थिर आवृत्तीत आणून बसवणे.

डेबियन १२ प्रसिद्ध झाली १० जून २०२३ रोजी. त्या दिवशी तिच्यात जे जे होते, लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.१, पोस्टग्रेस (डेटाबेस) १५, ओपनएसएसएच (दुरून यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याचे साधन) ९.२, लिब्रेऑफिस ७.४, ते सारे जवळजवळ त्याच आवृत्तीत गोठले. पुढे या प्रत्येक प्रकल्पाच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या, त्यांत सोयी वाढल्या, पडद्यावरची बटणे सरकली, सेटिंगची नावे बदलली, पण आमच्या सर्व्हरवर यांतले काहीही आले नाही. आल्या त्या केवळ दुरुस्त्या. मागावर ताण्याचा एखादा धागा तुटला, तर विणकर तेवढा धागा सांधतो. त्यासाठी कोणी बीम उतरवत नाही आणि डिझाइनही बदलत नाही. डेबियनचा 'स्टेबल' हा दावा याच जातीचा आहे आणि आमच्यासारख्या, पूर्णवेळ संगणक अभियंता न परवडणाऱ्या कारखान्याला नेमके हेच हवे असते.

सांधण्याचे हे काम वाटते त्याहून बरेच अवघड असते. मूळ प्रकल्पातील प्रोग्रॅमर दोष शोधून मुख्य शाखेत दुरुस्ती करतो, तेव्हा त्याच्यासमोर आजचा कोड असतो. दोन वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या स्थिर शाखेत तीच फाइल निराळी दिसते. कुठे फंक्शनचे नाव बदललेले असते, कुठे एका फंक्शनची दोन झालेली असतात, तर कुठे ज्या मदतनीस कोडवर नवी दुरुस्ती उभी आहे तो जुन्या शाखेत मुळात नसतोच. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील 'चेरी-पिक' ही आज्ञा एक कमिट, म्हणजे नोंदवलेला एक बदल, उचलून दुसऱ्या शाखेत लावून देते आणि ओळी जुळल्या नाहीत तर तक्रारही करते. अशी तक्रार येते तेव्हा काम बरेच सोपे असते, कारण माणूस थांबतो आणि वाचतो. ओळी बिनतक्रार जुळतात पण अर्थ जुळत नाही, तेव्हा खरा धोका असतो. त्याचे उदाहरण पुढे दिले आहे.

त्याआधी बॅकपोर्ट उत्तम रीतीने कसा होतो ते पाहू. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचच्या सर्व्हरमधील एक गंभीर दोष जाहीर केला. सीव्हीई या सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२४-६३८७ असा त्याचा क्रमांक. ठरलेल्या वेळेत लॉगिन पूर्ण झाले नाही की प्रोग्रॅमला एक सिग्नल मिळतो, आणि तो हाताळणाऱ्या कोडमध्ये त्या क्षणी करू नयेत अशी कामे होत होती. नेमकी वेळ साधणाऱ्या हल्लेखोराला त्यातून पासवर्डशिवाय यंत्राचा पूर्ण ताबा मिळण्याची शक्यता होती. हाच दोष २००६ साली एकदा दुरुस्त झाला होता आणि ऑक्टोबर २०२० मधील एका बदलाने तो परत शिरला होता. म्हणूनच ८.४ आवृत्तीवर असलेली आधीची डेबियन ११ त्यातून सुटली आणि ९.२ वर असलेली डेबियन १२ मात्र सापडली.

मूळ प्रकल्पाने ९.८ आवृत्ती काढून हा दोष बंद केला. पण ९.८ मध्ये तेवढेच नव्हते; सर्व्हरच्या प्रोग्रॅमचे दोन वेगळे प्रोग्रॅम करण्याची मोठी फेररचनाही त्याच आवृत्तीत होती. ती उद्या हिताची ठरेल, पण चालू यंत्रावर एका रात्रीत आणण्यासारखी नव्हती. डेबियनच्या सुरक्षा चमूने फेररचनेला हात न लावता, सिग्नल आल्यावर चालणाऱ्या एका छोट्या फंक्शनमधला धोकादायक भाग तेवढा बंद केला आणि त्याच दिवशी सुधारित पॅकेज दिले. त्याचा क्रमांक '९.२पी१-२+डेब१२यू३' असा होता. शेवटच्या भागाचा अर्थ सरळ आहे: डेबियन १२ साठी या पॅकेजची ही तिसरी सुधारणा. पॅकेज बसवण्यास चहा होईपर्यंतचा वेळ लागला. सेटिंगची एकही ओळ बदलावी लागली नाही आणि मागांवरच्या पाळीला त्याचा पत्ताही लागला नाही.

त्रास झाला तो पुढे. आमच्या एका परदेशी खरेदीदाराच्या वतीने पुरवठादारांची संगणक सुरक्षा तपासली जाते. तपासणाऱ्या संस्थेने बाहेरून आमचा सर्व्हर चाचपला आणि अहवालात तांबड्या रंगात लिहिले की ओपनएसएसएच ९.२ आढळले, ही आवृत्ती धोकादायक आहे, तातडीने ९.८ करावी. मालकांनी अहवाल माझ्यापुढे ठेवून विचारले, "साहेब, तुम्ही तर दुरुस्ती झाली म्हणालात, मग यात अजून नऊ पॉइंट दोनच कसं काय दिसतंय?" प्रश्न अगदी रास्त होता. तपासणीचे ते साधन केवळ आवृत्तीचा क्रमांक वाचते. जुन्या क्रमांकाच्या आत नवी दुरुस्ती बसलेली असू शकते, हे त्याच्या हिशेबात धरलेले नसते. बॅकपोर्टवर चालणारी कोणतीही प्रणाली वापरणाऱ्याला या प्रसंगातून केव्हा ना केव्हा जावे लागते, म्हणून उत्तर कसे द्यावे हे सविस्तर सांगतो.

डेबियनवर 'एपीटी चेंजलॉग' या आज्ञेपुढे पॅकेजचे नाव दिले की त्या पॅकेजमधील प्रत्येक सुधारणेची नोंद तारखेसह पडद्यावर येते. त्यात यू३ या नोंदीखाली सीव्हीईचा क्रमांक स्पष्ट लिहिलेला आहे. शिवाय डेबियनचा सार्वजनिक सुरक्षा तक्ता आहे. त्यात प्रत्येक सीव्हीईसमोर डेबियनची कोणती आवृत्ती बाधित आहे, कोणती नाही आणि कोणत्या पॅकेज क्रमांकात दुरुस्ती आली हे मांडलेले असते. या दोन्हींची छापील प्रत आणि यंत्रावर बसलेल्या पॅकेजचा क्रमांक एकत्र जोडून पाठवल्यावर तपासणाऱ्यांनी तो शेरा मागे घेतला. अशा अहवालाला घाबरून बाहेरून ९.८ उतरवून हाताने बसवण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया मानू नये. तसे केल्यास ते पॅकेज डेबियनच्या देखरेखीतून बाहेर पडते आणि पुढच्या दोषाची दुरुस्ती आपोआप येत नाही.

आता दुसरी बाजू. ९ डिसेंबर २०२३ रोजी डेबियन १२ ची तिसरी सुधारित आवृत्ती, म्हणजे १२.३, निघणार होती. त्यासाठी ठेवलेल्या ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ या, डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमवर माहिती बिघडवू शकणारा दोष असल्याचे लक्षात आले. कारण होते एक बॅकपोर्ट. मुख्य शाखेतील ईएक्सटी४ची एक दुरुस्ती स्थिर शाखेत आणली गेली. कमिट नीट लागले, ओळी जुळल्या, कोड बांधलाही गेला. पण ती दुरुस्ती ज्या गृहीतकावर लिहिली होती, ते मुख्य शाखेत आधी झालेल्या एका वेगळ्याच बदलावर उभे होते. तो बदल फाइल सिस्टिमच्या सामाईक कोडमध्ये होता, दिसायला किरकोळ होता आणि ६.१ च्या शाखेत आलेलाच नव्हता. परिणामी विशिष्ट पद्धतीने थेट डिस्कवर लिहिल्यानंतर फाइलमधील पुढचे लिखाण कुठून सुरू व्हायचे, ती जागा चुकू लागली. डेबियनने १२.३ च्या इमेज (प्रणाली बसवण्याच्या तयार प्रती) थांबवल्या, कोणीही यंत्रे अद्ययावत करू नयेत असे जाहीर केले, ज्यांच्याकडे स्वयंचलित सुधारणा सुरू आहेत त्यांना विशेष सावध केले आणि दुसऱ्याच दिवशी ६.१.६६ कर्नलसह १२.४ दिली.

या घटनेकडे मी दोन्ही अंगांनी पाहतो. स्थिर म्हणवणाऱ्या शाखेत माहिती बिघडवणारा कोड पोहोचणे ही गंभीर बाब आहे आणि तिचे समर्थन करता येणार नाही. त्याच वेळी दोष लपवला गेला नाही, त्यामागचे कारण कमिटच्या पातळीपर्यंत उघड झाले आणि दुरुस्ती एका दिवसात आली, हेही खरे. कर्नलच्या स्थिर शाखेचे नियम कागदावर कडक आहेत: दुरुस्ती आधी मुख्य शाखेत आलेली असावी, आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत असावी, खऱ्या दोषावर असावी आणि चाचणी झालेली असावी. पण 'ही दुरुस्ती आणखी कशावर अवलंबून आहे' या प्रश्नाचे उत्तर कोणताही नियम आपोआप देत नाही. ते उत्तर मूळ कोड लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते आणि त्याने कमिटच्या संदेशात ते लिहून ठेवले नसेल, तर दुसऱ्या शाखेत काम करणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग अरुंद असतो.

आमच्याकडे या घटनेनंतर एक पद्धत ठरली. सर्व्हरवर येणाऱ्या सुरक्षा सुधारणा आपोआप बसतात, कर्नल मात्र त्यातून वगळला आहे. नवा कर्नल आधी स्टोअरमधल्या जुन्या संगणकावर चालवला जातो, तिथे रोजच्या बॅकअपची प्रत उतरवून मजुरीचा तक्ता पुन्हा काढला जातो आणि तो जुळला तरच साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर्व्हरवर येतो. एवढी तयारी नसलेल्यांनी निदान बॅकअप दुसऱ्या डिस्कवर आणि दुसऱ्या इमारतीत ठेवावा. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात डिस्क तशीही लवकर दमतात.

पोस्टग्रेसचे काम थोडे निराळे आहे आणि माझ्या मते मुक्तस्रोत प्रकल्पांतील बॅकपोर्टचा तो सर्वांत शिस्तबद्ध नमुना आहे. इथे डेबियनला स्वतः फारसे काही सांधावे लागत नाही, कारण पोस्टग्रेसचे विकासकच प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे सांभाळतात आणि दोष सापडला की चालू असलेल्या सर्व शाखांमध्ये एकाच वेळी दुरुस्ती टाकतात. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांत ठरलेल्या गुरुवारी या दुरुस्त्या प्रसिद्ध होतात. डेबियन १२ मध्ये त्या १५.४, १५.५ अशा क्रमांकांनीच येतात, त्यामुळे वर सांगितलेला तपासणीचा घोळ डेटाबेसच्या बाबतीत होत नाही.

तिथेही एकदा ठेच लागली. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या आवृत्त्यांमध्ये, म्हणजे १५ च्या शाखेत १५.९ मध्ये, एका दुरुस्तीसाठी कोडमधील एका अंतर्गत रचनेत एक जादा घटक घालण्यात आला होता. डेटाबेसच्या दृष्टीने तो बदल निर्दोष होता. परंतु जुन्या मापाप्रमाणे बांधलेल्या काही बाहेरच्या विस्तारांना (डेटाबेसला जादा सोयी जोडणाऱ्या प्रोग्रॅमना) त्या रचनेचा आकार वाढल्याचे ठाऊक नव्हते आणि ते कोसळू शकत होते. त्याच वेळी वापरकर्त्याच्या भूमिकेशी संबंधित एक सेटिंगही बिघडले होते. आठवड्याभरात, २१ नोव्हेंबरला, वेळापत्रकाबाहेर १५.१० काढून दोन्ही निस्तरले गेले. स्थिर शाखेत दुरुस्ती बरोबर असणे पुरत नाही, तिच्यावर विसंबलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमचे मोजमापही हलता कामा नये, हे या प्रसंगातून लख्ख दिसते. आम्ही कोणताही बाहेरचा विस्तार वापरत नाही. लहान कार्यालयांनीही शक्यतो तसेच करावे.

ब्राउझरच्या बाबतीत डेबियनने बॅकपोर्टचा नाद सोडला आहे आणि ते योग्यच आहे. फायरफॉक्सचा कोड इतक्या वेगाने बदलतो की जुन्या आवृत्तीत एकेक दुरुस्ती बसवणे स्वयंसेवकांच्या आवाक्यात राहिलेले नाही. म्हणून फायरफॉक्सची दीर्घकाल चालणारी जी आवृत्ती त्या वेळी सुरू असेल, तीच स्टेबलमध्ये येते. जीएसटीचे संकेतस्थळ रोज उघडणाऱ्या आमच्या लेखा विभागाला वर्षातून एकदा मेनू बदललेला दिसतो तो यामुळेच. आणखी एक गोष्ट नव्या माणसाने ध्यानात ठेवावी. डेबियनचे 'बुकवर्म-बॅकपोर्ट्स' नावाचे वेगळे भांडार आहे. त्यात दुरुस्त्या नसतात, तर पुढच्या आवृत्तीतील नवी पॅकेजेस जुन्या प्रणालीसाठी पुन्हा बांधून ठेवलेली असतात. मुख्य सुरक्षा चमूची हमी त्याला नाही. गरज पडल्याशिवाय सर्व्हरवर ते सुरू करू नये.

माझी खरी नाराजी आहे ती सुरक्षेशी संबंध नसलेल्या लहान दोषांबद्दल. असे दोष मूळ प्रकल्पात केव्हाच दुरुस्त झालेले असतात, तरी स्टेबलमध्ये तसेच राहतात, कारण पॅकेज सांभाळणारे स्वयंसेवक मोजके असतात आणि त्यांचा वेळ साहजिकच सुरक्षेकडे जातो. कार्टनवर चिकटवायची लेबले छापणारा एक छोटा प्रोग्रॅम आम्ही वापरतो. बॅच क्रमांकाची सुरुवात शून्याने झाली की तो बारकोडमध्ये ते शून्य गाळत असे. त्यामुळे बारकोड यंत्राने वाचलेला क्रमांक आणि यादीतला क्रमांक जुळेना, आणि पॅकिंगमधल्या बायकांना प्रत्येक कार्टनचा क्रमांक हाताने तपासावा लागे. पुढच्या आवृत्तीत हा दोष नाहीसा झालेला होता.

शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची एक विद्यार्थिनी तेव्हा आमच्याकडे प्रशिक्षणासाठी येत होती. तिने ही दुरुस्ती स्टेबलपर्यंत नेली आणि ते काम जवळून पाहता आले. मूळ कमिटमध्ये बदललेल्या ओळी दोनच होत्या, पण चेरी-पिक लागेना, कारण नव्या आवृत्तीत त्या फंक्शनचे नाव बदलून ते दुसऱ्या फाइलमध्ये गेले होते. तिने जुनी फाइल वाचून योग्य जागा शोधली, तिथे तोच बदल हाताने केला आणि शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाची एक चाचणी जोडली. जाता जाता तिने बाजूच्या ओळींची मांडणीही नीट केली होती. पॅकेज सांभाळणाऱ्या गृहस्थांनी ती काढायला सांगितली. "सर, मांडणी सुधारली तर बिघडलं कुठे?" असे तिने मला विचारले. उत्तर त्यांच्याच पत्रात होते: स्थिर शाखेत येणारी प्रत्येक ओळ कोणीतरी वाचून मंजूर करायची असते, म्हणून दोषाशी संबंध नसलेली एकही ओळ त्यात नको.

मग ठरलेल्या क्रमाने काम झाले. दुरुस्ती आधी डेबियनच्या 'अनस्टेबल' शाखेत आहे याची खात्री करण्यात आली, जुन्या आणि नव्या पॅकेजमधील फरकाची फाइल रिलीज चमूकडे गेली, दोषाचा वापरकर्त्यावर काय परिणाम होतो आणि चाचणी बुकवर्मवरच केली का हे त्यांनी विचारले आणि मंजुरीनंतर पॅकेज प्रस्तावित सुधारणांमध्ये दाखल झाले. साधारण दर दोन महिन्यांनी निघणाऱ्या सुधारित आवृत्तीतून ते सर्वांपर्यंत पोहोचले. ही वाट लांब आहे, पण प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी तो बदल डोळ्यांखालून घालतो, आणि संपूर्ण चर्चा कोणालाही वाचता येते. पैसे मोजून घेतलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरच्या बाबतीत सोलापुरात बसून आम्हाला असा सहभाग मिळालेला नाही. आपल्याकडच्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत हे काम घेतले, तर मुलांना दुसऱ्याचा कोड वाचण्याची सवय लागेल आणि स्टेबलमधले असे अनेक किरकोळ दोष मार्गी लागतील, असे मला मनापासून वाटते.

किमतीचा प्रश्न नाही. डेबियन विनामूल्य आहे. आधाराचा कालावधी मात्र समजून घ्यावा. सुरक्षा चमूचा तीन वर्षांचा आधार डेबियन १२ साठी जून २०२६ पर्यंत आहे आणि त्यापुढे दीर्घकालीन आधाराचा वेगळा चमू ३० जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या आणतो. या दुसऱ्या टप्प्यात सगळीच पॅकेजेस सांभाळली जातील असे गृहीत धरू नये. 'डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट' हे पॅकेज बसवले की आपल्या यंत्रावरच्या कोणत्या पॅकेजचा आधार संपला किंवा मर्यादित झाला याची यादी मिळते. ज्यांना दहा वर्षे एकच प्रणाली हवी आहे त्यांनी रेड हॅटच्या कुळातील प्रणाली पाहाव्यात, तिथेही दुरुस्त्या याच बॅकपोर्टच्या मार्गाने येतात.

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ 'ट्रिक्सी' आली. तिच्यात कर्नल ६.१२ आणि पोस्टग्रेस १७ आहे. आमचा सर्व्हर तिच्यावर नेण्याचे काम आम्ही गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीसाठी राखून ठेवले आहे. आधी स्टोअरमधल्या संगणकावर प्रणाली बदलायची, मग डेबियनच्याच 'पीजी_अपग्रेडक्लस्टर' या साधनाने डेटाबेस १५ वरून १७ वर न्यायचा, मागील तीन महिन्यांची मजुरी दोन्ही ठिकाणी काढून पै न पै जुळवायची आणि नंतरच मुख्य यंत्राला हात लावायचा, असा क्रम ठरला आहे. तोवर बुकवर्मवर दुरुस्त्या येत राहतील, त्यामुळे घाई करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.